खोताच्या वाडीतले माझे दहा महिने

वाचकहो, घरातली सून शाळेत शिकवत असली किंवा दवाखान्यात नर्स असली, तर ती दिवसभर काय करते हे शेजारणीला समजावून सांगावे लागत नाही. पण सून जर म्हणाली, "मला गणितात संशोधन करायचे आहे आणि त्यासाठी दहा महिने मुंबईला राहावे लागेल," तर तुमच्या घरात काय होईल? आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो असा, की गणितात आता शोधायचे राहिलेच काय? बे दुणे चार ते चारच ना?

हे १९८५ साल. आमचे घर खटाव तालुक्यातले, कोरडवाहू. एक विहीर, तीही चैत्रात तळ दाखवणारी. मी तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवत होते, यजमान शेती बघत, मुलगा आठ वर्षांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या वेळी एक योजना होती, तिच्यात कॉलेजच्या शिक्षकाला पगारी रजेवर विद्यापीठात जाऊन संशोधन करता येई. तिच्यात माझे नाव लागले. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. त्यांनी एकच विचारले, "पगार चालू राहणार का?" राहणार होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, चुलीपुढून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "पोराचं मी बघते. दर आठ दिसाला कागद मातर धाडायचा." अशी माझी जानेवारीत रवानगी झाली.

माझे काम मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागात, सांताक्रूझजवळ कलिन्याला. जागा मात्र मिळाली गिरगावात, खोताच्या वाडीत. कॉलेजातल्या एका बाईंच्या ओळखीने एका ईस्ट इंडियन म्हातारीकडे माडीवरची मागची खोली मिळाली. गिरगाव म्हटले की आपल्याकडच्या माणसाला चाळी आठवतात. खोताची वाडी चाळींच्या मधोमध असूनही तशी नाही. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलात की अरुंद बोळ लागतो, दोन्ही अंगांना लाकडी, कौलारू, बैठी आणि माडीची घरे, पुढे ओटी, बाहेरून वर चढणारे जिने. वाट चुकून कोकणात किंवा गोव्यात उतरलो की काय असे वाटावे. ही जमीन पाठारे प्रभू ज्ञातीच्या दादोबा वामन खोतांची. त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि वाडी वसली. हे ईस्ट इंडियन कुणी परदेशचे नव्हेत बरे का. मुंबई, साष्टी, वसईकडचे हे जुने रहिवासी, कुणी शेती करणारे, कुणी मासे मारणारे. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पण घरातली बोली मराठीच राहिली. त्यामुळे आमच्या घरमालकीण आन्टी मला पहिल्या दिवशी "बाय, जेवली का गो?" असे म्हणाल्या, तेव्हा माझा अर्धा परकेपणा तिथेच गेला.

पहाटे साडेपाचला नळ येई. पाणी भरणे हे मुंबईचे पहिले काम, आणि त्यात गणितज्ञाला काही सवलत नाही. त्याच वेळी समोर सेंट तेरेझाच्या देवळाची घंटा वाजे. मग स्टोव्हवर चहा, दोन पोळ्या आणि भाजी डब्यात घालून मी आठाच्या सुमारास चर्नी रोड स्टेशनाकडे निघे.

इथे मला एक मोठे सुख होते, ते मुंबईत राहिलेल्यालाच कळेल. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेला चर्चगेटकडे धावते. मी मात्र उत्तरेला, उलट्या दिशेने जाणार. समोरच्या गाडीत माणसे दाराला लोंबकळत असायची आणि माझ्या डब्यात खिडकीची जागा रिकामी. ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, असे करत सांताक्रूझ येईतो पाऊण तास मिळे. मांडीवर वही. १९८२ च्या गिरणी संपाला तीन वर्षे झाली होती. लोअर परळच्या आसपास कितीतरी चिमण्या धुराविना उभ्या दिसत, आणि ज्या गावांतून त्या गिरण्यांत माणसे गेली होती त्यांत आमच्या भागातलीही गावे होती. त्या चिमण्या आल्या की माझी पेन्सिल थांबायची.

गाडीत बसून विचार करणारी मी काही पहिली नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव इतिहासासाठी तुम्ही ऐकले असेल. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस पेशाने गणितज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४५ ते १९६२ पर्यंत होते आणि राहायला पुण्यात. डेक्कन क्वीनने ये-जा करत. त्या मानाने माझा पाऊण तास म्हणजे काहीच नव्हे.

आता मुख्य गोष्ट, दिवसभर मी करायची काय? खरे सांगायचे तर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसले नसते. एक टेबल, कागद, खडू-फळा, ग्रंथालयातली नियतकालिके. परदेशची नियतकालिके बोटीने यायची, त्यामुळे तिकडचा ताजा शोध इकडे काही महिन्यांनी शिळा होऊन पोचे. लागेल ते पान हाताने उतरून घ्यायचे. आठवड्यातून एखादे व्याख्यान असे, त्यात पहिली दहा मिनिटे सगळे समजे, पुढची वीस मिनिटे थोडे समजे आणि उरलेला वेळ इतरांचे चेहरे बघून त्यांना तरी समजते का हे मी ताडत असे. बाकी वेळ विचार. पाच दिवस एका वाटेने जायचे, सहाव्या दिवशी ती वाट विहिरीच्या कठड्याशी संपते असे कळायचे. मग परत फिरायचे. दुपारी डबा खाताना वाटे, आत्ता घरी शेंगा फोडायचे काम निघाले असेल, निदान पायलीभर बी तरी दिसेल. माझ्याकडे संध्याकाळी दाखवायला काय? खोडलेले कागद.

माझा प्रश्न कसला होता ते सांगते, कारण त्याचा तुमच्या शेताशी संबंध आहे. वर्तमानपत्रात हल्ली सुडोकू नावाचे कोडे येते, ते तुमच्या घरची पोरे सोडवत असतील. त्याचे मूळ ज्या चौकटीत आहे तिला लॅटिन चौरस म्हणतात. समजा तुमच्याकडे बाजरीच्या तीन जातींचे बियाणे आहे, अ, ब आणि क, आणि कोणते सरस हे बघायचे आहे. तुम्ही एकेका जातीला एकेक वाफा दिलात, तर निकाल खरा येईल का? एक वाफा विहिरीजवळ, दुसरा मुरमाड, तिसऱ्यात झाडाची सावली. उतारा बियाण्यामुळे वाढला की जमिनीमुळे, कसे ठरवणार? म्हणून शेताचे नऊ सारखे वाफे करायचे आणि पेरणी अशी करायची:

अ ब क
ब क अ
क अ ब

प्रत्येक आडव्या ओळीत तिन्ही जाती एकेकदा, प्रत्येक उभ्या ओळीतही एकेकदा. कुणालाच विहिरीचा जास्त फायदा नाही, कुणावरच मुरमाचा जास्त अन्याय नाही. मग प्रत्येक जातीच्या तीन वाफ्यांची बेरीज करून ताडून बघायची. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या वर्षांत या पद्धतींना शास्त्राची बैठक दिली. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या जोडीचे शेती प्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचे इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे आमच्याच खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले. हे मला मुंबईत एका पुस्तकात वाचून कळले. आपल्या तालुक्याचा माणूस कळायला कलिन्याला जावे लागले, असो.

आता या चौरसात आणखी एक गोष्ट घाला. तीन जातींबरोबर तीन खते, १, २ आणि ३. प्रत्येक खतही प्रत्येक ओळीत एकदाच यावे, आणि प्रत्येक जातीची प्रत्येक खताशी एकदाच गाठ पडावी:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

जमले. चार जाती आणि चार खतेही जमतात. पत्त्यांतले चार एक्के, चार राजे, चार राण्या आणि चार गुलाम घ्या आणि चार बाय चारमध्ये असे मांडा, की कोणत्याही ओळीत ना रंग पुन्हा यावा ना चित्र. पाऊस लागून राहिला की घरातल्या मंडळींना द्या, दोन तास घर शांत राहील. पाच-पाचही जमते. सहा-सहा मात्र जमत नाही. ऑयलर नावाच्या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये ते छापून सांगितले, आणि १९०० च्या सुमारास फ्रान्सच्या गास्ताँ तारी यांनी एकेक शक्यता तपासून पक्के केले. ऑयलरचा पुढचा अंदाज असा, की दहा, चौदा, अठरा, बावीस, असे चार-चारने पुढे जाणारे सगळे आकडेही असेच अडणार. पावणेदोनशेहून अधिक वर्षे तो अंदाज कुणाला मोडता आला नाही.

मोडला तो १९५९ मध्ये, आणि मोडणाऱ्या तिघांत एक आपला मराठी माणूस होता. शरदचंद्र शंकर श्रीखंडे, जन्म १९१७ चा, सागरचा, शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल नावाचे विद्यापीठाचे गाव आहे, तिथे ते आपले गुरू राजचंद्र बोस यांच्याबरोबर काम करायला काही काळ गेले होते. म्हणजे माझ्यासारखेच घरापासून दूर तात्पुरते बिऱ्हाड, फक्त समुद्रापलीकडे. दोघांनी मिळून बावीसचा चौरस उभा केला. अर्नेस्ट पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने दहाचा केला. मग तिघांनी मिळून दाखवून दिले, की दोन आणि सहा हे दोन आकडे सोडले तर कुठेच अडत नाही. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. ते तिघे गणितवाल्यांत 'ऑयलरचे खोडकर' अशा अर्थाच्या नावाने ओळखले गेले. पुढे १९६३ ते १९७८ श्रीखंडे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. मी गेले तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण त्यांनी लावलेल्या विषयाची बाग विभागात होती. २०२० मध्ये, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी ते गेले.

माझा प्रश्न त्या बागेतल्या एका लहान कोपऱ्यातला होता. चौरसातली काही घरे आधीच भरलेली आहेत. उरलेली नियमाने भरता येतील की नाही, हे आधी कसे सांगायचे? सातच्या चौरसात एक रीत दिसे, आठच्या चौरसात ती गायब होई.

आन्टींना माझे हे काम म्हणजे कुणा सावकाराचे हिशेब वाटत. "एवढे हिशेब, आणि पैसा त्यातला तुला किती?" असे त्या विचारत. एप्रिल-मे मध्ये त्यांच्याकडे वर्षाचा बाटली मसाला झाला. मिरच्या, धणे, हळद आणि नाना जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, लाकडी उखळीत उंच मुसळांनी कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. आठ दिवस अख्ख्या बोळाला ठसका. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे आणि ते शेजारच्या घराला सांगायचे नाही. मला दोन बाटल्या मिळाल्या, प्रमाण नाही मिळाले. वाडीतच अनंताश्रम नावाची प्रसिद्ध खाणावळ तेव्हा चालू होती. माशाच्या जेवणासाठी लांबलांबून माणसे येऊन रांगेत उभी राहत. मी माळकरी घरातली, मी आपली नाकाला पदर लावून पुढे जाई. ती खाणावळ आता नाही.

सगळेच दिवस असे गोड नव्हते. जुलैत अंतर्देशीय पत्र आले, मुलाला ताप आहे, काळजी करू नये. पत्रावरची तारीख चार दिवसांपूर्वीची. गावात फोन एकच, पोस्टात, आणि तेव्हा तो बंद. मी ओटीवर पत्र धरून बसले. आन्टींनी विचारले नाही, समजावले नाही. माझी पिशवी आणून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "एस्टी पकड." रात्रभर प्रवास करून घरी पोचले, तर चिरंजीव ओढ्याला मित्रांबरोबर खेकडे धरत होते. मला बघून जवळ आला नाही. आत्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मी ठरवले होते, की परत जायचे नाही. आत्या रात्री भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अर्ध्यात सोडून आलीस तर हे सहा महिने कुणाचे गेले? माझे बी गेले की." दोन दिवसांनी मी पुन्हा चर्नी रोडला उतरले. आत्यांना अक्षरओळख नव्हती. माझ्या प्रबंधाच्या आभाराच्या पानावर त्यांचे नाव पहिले आहे.

संशोधन करणाऱ्या बाईच्या मागे अशी माणसे लागतातच. मंगला नारळीकर हे नाव तुम्हाला माहीत असेल. मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम.ए.ला १९६४ मध्ये त्या पहिल्या आल्या, नंतर काही वर्षे केंब्रिजला संसार, तिथे शिकवणे, तीन मुली, आणि पीएच.डी. झाली १९८१ मध्ये. मधली सतरा वर्षे गणित कुठे गेले नव्हते, ते स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत वाट बघत होते, असे मला नेहमी वाटते. २०२३ मध्ये त्या गेल्या.

आता आमच्या मामांचे सांगते. मे महिन्यात त्यांचे पत्र आले होते, मुलाच्या अक्षरात. मजकूर एवढाच, की तुझ्या गणिताचा आम्हांला उपयोग काय ते कळव. मी उत्तरात वरचा तीन बाय तीनचा चौरस काढून पाठवला आणि वाफ्यांची गोष्ट लिहिली. कोणते बियाणे अ, कोणते ब आणि कोणते क, हे आपल्या मनाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका, तेही लिहिले. मला वाटले होते, पत्र देव्हाऱ्यामागे जाईल. पण जूनच्या अखेरीस कळले, की विहिरीकडच्या पट्टीत नऊ वाफे आखले गेले, नातवाने चिठ्ठ्या उचलल्या, आणि घरची गावरान बाजरी, सोसायटीतून आणलेली संकरित आणि मामांच्या मेहुण्यांच्या गावची एक अशी तीन बियाणी पेरली गेली. गावात हसू झाले असावे, कारण मामांनी बांधावर कुणाला फिरकू दिले नाही म्हणे.

ऑगस्टात पावसाने ओढ दिली. पिके कशीबशी तगली. ऑक्टोबरात मी कायमची परतले तेव्हा नऊ वाफ्यांची कणसे नऊ गोण्यांत वेगवेगळी ठेवलेली होती आणि मळणी माझ्यासाठी थांबवली होती. आम्ही एकेक वजन केले. मुलाने कागदावर आकडे मांडले. बेरजा झाल्या. संकरित पुढे होती, पण मामा वर्षानुवर्षे सांगत आले होते तितकी नाही. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि उभ्या ओळींवर बोट ठेवले. विहिरीच्या अंगाची ओळ तिन्ही बियाण्यांत जड होती. ते म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं आपण संकरित विहिरीकडं पेरली आन्‌ गावरान माळाकडं. बियाणं नव्हं, विहीरच जोरात होती." त्या पुढच्या साली माळावर त्यांनी गावरानच धरली. सरमड जनावरांना जास्त मिळते, हे त्यांचे जुने म्हणणे होतेच.

माझ्या प्रश्नाचे म्हणाल, तर दहा महिन्यांत त्याचा एक लहान तुकडा सुटला. चार पानांचा निबंध दोन वर्षांनी छापून आला, आणि पीएच.डी. त्यानंतर दोन वर्षांनी. पूर्ण प्रश्न माझ्याकडून सुटला नाही. आन्टी पुढे आठ वर्षांनी वारल्या. खोताच्या वाडीत एके काळी साठ-पासष्ट जुनी घरे होती म्हणतात, आता निम्मीही उरली नाहीत. मागच्या खेपेला गेले तर आन्टींच्या घराच्या जागी उंच इमारत होती.

मळणीच्या त्या रात्री मामांनी मला आणखी एक विचारले होते. बियाणे आणि खत दोन्ही एकदम ताडून बघता येईल का? मी सांगितले, येईल की. तीन जाती तीन खते जमते, चार-चार जमते, पाच-पाच जमते. सहा-सहा मात्र कुणालाच जमणार नाही, हे सिद्ध झालेले आहे. मामांनी तंबाखू मळत विचार केला आणि म्हणाले, "सहा तऱ्हेची खतं घ्यायला पैसा कुणाकडं हाय?"